कबीकज : नाव उरले, फूल विसरले

वाचकहो, आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी फारसी किंवा अरबी हस्तलिखित किताब कापडात बांधून ठेवलेली असेल, तर ती एकदा अदबीने उघडून पाहा. पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात 'या कबीकज' असे शब्द कदाचित आढळतील. कोठे ते एकदाच असतात, कोठे दोन-तीनदा. काही ठिकाणी त्यांच्यापुढे कागदाचे रक्षण करण्याची विनवणीही जोडलेली असते. अरबस्तान, इराण, मगरीब आणि आपला हिंदुस्थान या सर्व प्रदेशांतील हस्तलिखितांवर ही अक्षरे सापडली आहेत.

हा कबीकज कोण? आपल्याकडे समजूत अशी होती की, तो झुरळांचा व किड्यांचा बादशहा आहे. त्याचे नाव पानावर दिसले की त्याची प्रजा अदबीने मागे फिरते आणि किताब सुरक्षित राहते. कोणी त्याला जिन्न म्हटले, कोणी फरिश्ता. परंतु कसरीला वाचता येत नाही! हे नाव लिहिलेल्या कित्येक पोथ्या कसरीने आणि वाळवीने चाळणीसारख्या करून टाकल्या आहेत.

खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. कबीकज हा बादशहा नव्हे, ती एक वनस्पती आहे. युनानी हकिमांच्या ग्रंथांत ती याच नावाने येते. इंग्रजी बागवान तिच्या कुळाला रॅनन्क्युलस म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'लहान बेडूक' असा होतो, कारण या कुळातील अनेक झाडे ओलसर, पाणथळ जागी उगवतात. आपल्याकडे हिंदीत जिला जलधनिया म्हणतात, ती याच कुळातील. या झाडांचा ताजा रस अत्यंत दाहक असतो. तो कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. गुरेसुद्धा तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ग्रंथांना कीड लागू नये म्हणून जुन्या काळी या झाडाचा उपयोग करीत असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. पुढे झाड विसरले गेले, नाव तेवढे राहिले. नावाचा मंत्र झाला आणि मंत्राचा बादशहा झाला.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या झाडातील दाहक द्रव्य झाड वाळले की नाहीसे होते. म्हणजे पानांत ठेवलेल्या सुक्या पाल्याचा कितपत उपयोग होत असेल, याचीही शंकाच आहे. जुने आहे म्हणून सारेच खरे नसते आणि जुने आहे म्हणून सारेच टाकाऊही नसते. ते पारखून घ्यावे लागते. या पारखण्यालाच आपण इल्म म्हणतो.

आता या कुळातील सर्वांत देखण्या झाडाकडे वळू. त्याचे शास्त्रीय नाव रॅनन्क्युलस एशियाटिकस. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील मुलूख, म्हणजे शाम, अनातोलिया, क्रीट व ऱ्होड्स ही बेटे, हे त्याचे माहेर. डोंगरउतारावर ते आपोआप उगवते. रानातल्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात. बागेतल्या फुलात मात्र तलम कागदाच्या घड्या एकावर एक बसवाव्यात तशा शंभराहून अधिक पाकळ्या असू शकतात. तुर्की भाषेत या कुळातील फुलांना 'दुयुन चिचेयी' म्हणजे लग्नाचे फूल म्हणतात. ज्याचा रस अंगावर फोड आणतो, त्याला हे नाव मिळावे, यात माणसाच्या सौंदर्यदृष्टीचा मोठेपणा आहे.

पाच पाकळ्यांच्या शंभर कशा झाल्या? याचे उत्तर इस्तंबूलच्या बागांत सापडते. उस्मानी तुर्कांना फुलांचे विलक्षण वेड होते. सुलेमान बादशहाच्या काळातील शेखुल इस्लाम अबुस्सऊद एफेंदी यांच्यासारखे थोर धर्मशास्त्रीही फुलांची जोपासना करीत. फतवे लिहिणाऱ्या हाताला बागेतली माती लागली म्हणून त्या हाताची इभ्रत कमी झाली नाही.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने १७०० ते १७०२ या काळात तुर्कस्तानचा प्रवास केला. त्याने एक हकिकत नोंदविली आहे. १६८३ मध्ये व्हिएन्नाला वेढा घालून ज्याला अपयश आले, तो वजीर कारा मुस्तफा पाशा. आपला सुलतान मेहमद चौथा याला फुलांची गोडी लागावी म्हणून त्याने साऱ्या सल्तनतीतील पाशांना पत्रे पाठविली आणि रॅनन्क्युलसची उत्तमोत्तम मुळे व बिया मागविल्या. क्रीट, सायप्रस, ऱ्होड्स, अलेप्पो आणि दमास्कस येथील पाशांनी या कामी बाजी मारली. तेथून ही फुले वकिलांच्या हस्ते युरोपच्या दरबारांत गेली.

हकिकत मोठी सुरस आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखा ताडून पाहाव्यात. क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या फुलाचे वर्णन १६०१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात केले होते. मेहमद चौथा तख्तावर बसला १६४८ मध्ये. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे आधीच फूल युरोपात माहीत झाले होते. तेव्हा वजिराने या फुलाची चाल वाढविली असेल, पण त्याचे भरगच्च रूप घडविले ते त्याच्याही आधीच्या अनाम बागवानांनी. हजारो रोपांतून दोन पाकळ्या जास्त असलेले एखादे रोप निवडायचे, त्याचे बी राखायचे, पुढच्या वर्षी पुन्हा निवडायचे, असे पिढ्यान् पिढ्या चालले. वजिराचे नाव राहिले, माळ्यांची नावे गेली. इतिहासात हे असेच घडत आले आहे.

युरोपात या फुलाला अमाप लोकप्रियता लाभली. लंडनजवळ वॉलवर्थ येथील जेम्स मॅडॉक या बागवानाच्या १७९२ च्या यादीत याचे प्रकार आठशेच्या घरात होते. प्रत्येकाला स्वतंत्र नाव होते. आज त्यांतील बहुतेक सारे नामशेष आहेत. कारण सोपे आहे. नावाचा प्रकार बियांपासून जसाच्या तसा येत नाही, त्याचे मूळच विभागून लावावे लागते. जपणारा हात थांबला की तो वाण संपला. यादी कपाटात शाबूत राहिली, फुले गेली. पुन्हा तेच, नाव उरले आणि वस्तू हरवली.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कार्ल्सबाड येथे सुमारे पन्नास एकरांवर हे फूल आजही पिकते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ल्यूथर गेज याने त्या भागात ही लागवड सुरू केली. पुढे फ्रेझी कुटुंबाने ती उचलली. एडविन फ्रेझी याने वर्षानुवर्षे भरगच्च फुलांचेच बी राखले आणि जगभर विकला जाणारा वाण सिद्ध केला. इस्तंबूलच्या माळ्यांची जी रीत होती, तीच ही.

वाचकहो, हे फूल नुसते वाचून समजणार नाही. हिवाळ्यात थंड रात्री मिळणाऱ्या देशावरच्या गावी, कुंडीत का होईना, ते लावून पाहण्यासारखे आहे. कोकणच्या दमट उष्म्यात मात्र त्याचा निभाव लागणे कठीण. त्याचे सुके मूळ केळ्यांच्या चिमुकल्या घडासारखे दिसते. ते तीन-चार तास पाण्यात भिजवावे, की फुगते. थंडी पडू लागली की, टोके खाली करून, दोन इंच खोल आणि सहा इंच अंतरावर लावावे. माती भुसभुशीत असावी, पाणी साचू देऊ नये, नाहीतर मूळ कुजते. ऊन सकाळचे भरपूर हवे. साधारण तीन महिन्यांत फुले येतात. फुलदाणीसाठी कापायचे तर पूर्ण उमलण्याची वाट पाहू नये. कळीला रंग भरला आणि बोटाने दाबून ती मऊ लागली, की सकाळच्या गारव्यात कापावी. देठ पोकळ असतो, म्हणून पाणी थोडे ठेवावे आणि रोज बदलावे. फूल आठवडाभर सहज टिकते. कापल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांना झाड तोंडात घालू देऊ नये. ऊन तापले की पाने पिवळी पडतात. मग पाणी तोडून मुळे काढावीत, वाळवावीत आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावीत.

पालकांना शेवटी दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या समाजात कित्येक घरांत जुन्या किताबा, सनदा, शजरे पडून आहेत. त्यांच्यावर 'या कबीकज' लिहून ते वाचणार नाहीत. त्यांना कोरडी हवेशीर जागा हवी, स्वच्छ सुती कापड हवे, वर्षातून दोनदा उघडून पाहणारा हात हवा. घरी जमत नसेल तर मुंबईच्या जामा मशिदीतील मुहम्मदिया कुतुबखाना किंवा पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या ठिकाणी जाणकारांचा सल्ला घ्यावा. आणि सर्वांत मोठी गरज म्हणजे त्या वाचू शकणारी एक तरी मुलगी, एक तरी मुलगा घरात तयार झाला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, जे पाठ करता त्याचा अर्थ विचारा. अर्थ कळला तर तो पारखून पाहा. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविणे म्हणजे फूल उपटून टाकून त्याचे नाव भिंतीवर लिहिण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांनी रानातल्या पाच पाकळ्यांच्या शंभर केल्या, त्या नाव घोकून नव्हे, तर डोळे उघडे ठेवून आणि हात मातीत घालून. तो वारसा आपला आहे. तो चालविणे आता तुमच्या हाती आहे.