मी बघतो

वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि पैशांची जुळवाजुळव होईना, तेव्हा मामा आले. कागद वरखाली करून आईला म्हणाले, "ताई, तू काळजी करू नकोस, मी बघतो." त्या रात्री आई पोटभर जेवली. मामा नेमकं काय बघणार, हे कुणीच विचारलं नाही. मराठीत 'बघणे' हे नुसतं डोळ्यांचं काम नाही. 'हल्ली दुकान कोण बघतं?', 'म्हातारपणी आईला कोण बघणार?' इथे नजरेपाठोपाठ जबाबदारी येते.

हेच क्रियापद पुढे बायबलमध्ये भेटलं आणि मी थबकलो. उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो आहे. विस्तव आहे, लाकडं आहेत; होमाचं कोकरू कुठे, असं इसहाक विचारतो. अब्राहामाच्या उत्तरातलं हिब्रू क्रियापद आहे 'राआ', म्हणजे पाहणे. कोकराचं देव बघेल, असं तो बाप सांगतो. अगदी आपल्या मामांसारखं. त्या जागेला पडलेल्या नावातही, 'याव्हे-यिरे'तही, तेच क्रियापद आहे. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना बापाच्या उत्तरात 'प्रोविदेबित' हे रूप घातलं. 'विदेरे' म्हणजे पाहणे, 'प्रो' म्हणजे पुढे. याच क्रियापदाचं नाम 'प्रोविदेन्तिया', ख्रिस्ती विचारातली ईश्वराची जगाबद्दलची देखरेख. 'विदेरे' आणि आपल्या 'वेद', 'विद्या' या शब्दांमधला 'विद्' धातू एकाच मुळाचे आहेत.

'प्रोविदेन्तिया'साठी मराठीत 'दैव' चालणार नाही. 'दैव' निघालं देवापासूनच, पण वापरता वापरता त्यातला देव हरवला आणि उरलं ते कपाळावर लिहिलेलं. दैव कुणाकडे बघत नाही. त्यापेक्षा 'देवाने तरतूद केली' हे मला फार जवळचं वाटतं. 'तरतूद' आली अरबी-फारसी 'तरद्दुद'वरून. मूळ अर्थ येरझारा, घालमेल. हिंदी-उर्दूत 'तरद्दुद' म्हणजे आजही चिंताच. मराठीत येऊन ती चिंता सोय झाली. रात्रभर येरझारा घालणारा माणूस सकाळी पैसे घेऊन येतो, एवढा प्रवास या एका शब्दाने केला आहे.

पण पुढचं पाहणारा देव पुढचं वाईटही पाहत असणारच. मग ते होऊ का देतो? आणि त्याने आधीच पाहिलेलं असेल, तर पाप करणाऱ्याचा दोष तरी कसा? हा प्रश्न बोएथियसने तुरुंगात हाताळला. गॉथ राजाच्या दरबारातला हा मोठा रोमन अधिकारी राजद्रोहाच्या आरोपाखाली 524च्या सुमारास मारला गेला. त्याआधी कोठडीत त्याने तत्त्वज्ञानातलं सांत्वन शोधणारा ग्रंथ लिहिला. त्यात तो एका उपसर्गावर बोट ठेवतो. ईश्वराच्या पाहण्याला 'प्रेविदेन्तिया' म्हणू नका, 'प्रोविदेन्तिया' म्हणा. 'प्रे' म्हणजे आधी. ईश्वर काही आधी पाहून ठेवत नाही. उंच शिखरावरून सारा मुलूख एकाच वेळी दिसावा तसा सगळा काळ त्याच्यासमोर वर्तमानच असतो. समोरून चालत जाणारा माणूस आपण पाहतो म्हणून तो चालतो, असं थोडंच असतं? मृत्यूच्या दारात बसून एका उपसर्गाची इतकी पर्वा करणाऱ्या माणसापुढे माझे हात जुळतात.

तरीही पाहणं नेहमी सुखाचं नसतं. आपल्याकडे 'बघतो'ला 'घेणे' जोडलं की धमकी होते: 'बघून घेईन!' बायबलमधल्या ईयोबाने हा फरक अंगावर सोसला. मुलंबाळं, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली. तेव्हा सातव्या अध्यायात तो देवाला माणसांवर नजर ठेवणारा पहारेकरी म्हणतो, आणि क्षणभर तरी माझ्यावरून डोळे काढ, अशी विनवणी करतो. देव पाहत नाही ही त्याची तक्रारच नाही. देव पाहतो आहे, हेच त्याचं दुखणं.

वाइटासाठी हिब्रूत शब्द आहे 'रा'. पाहण्याच्या 'राआ'शी तो कानाला जुळतो, पण अक्षरं वेगळी, मूळही वेगळं. दुष्टपणाही 'रा' आणि आपत्तीही 'रा'. यशयाच्या 45व्या अध्यायात देव स्वतःला 'रा' निर्माण करणारा म्हणवतो, आणि तिथे कोणता अर्थ घ्यायचा यावर भाष्यकार घाम गाळत आले आहेत. आपला 'वाईट' असाच आहे. वाईट माणूस, वाईट बातमी, वाईट वाटलं: करणाऱ्यापासून सोसणाऱ्यापर्यंत एकच शब्द. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटीही हाच पेच आहे. 'तू पोनेरू' हे ग्रीक रूप पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, ते कळत नाही. म्हणजे सुटका वाईट गोष्टीपासून मागायची की त्या दुष्टापासून, सैतानापासून? प्राचीन भाष्यकार ख्रिसोस्तोमने सैतान असा अर्थ घेतला. मराठीत 'वाइटापासून' म्हटलं की सामान्यरूपात तेच लिंग तसंच लपतं. भाषांतरात सहसा निसटणारी संदिग्धता इथे अनायास टिकली.

वाईट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनलाही पडला होता. तो तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानीपंथीयांत होता. त्यांच्या मते प्रकाश आणि अंधार या दोन मूळ सत्ता. पुढे त्याने हे सोडलं आणि म्हटलं, वाईट ही वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. जखम बरी होते तेव्हा ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही. ती नाहीशी होते. हे समजायला मराठी माणसाला लॅटिन नको. संस्कृत 'ऊन' म्हणजे कमी. त्यावरून 'उणे', आणि मग 'उणं बोलणं', 'उणंदुणं काढणं'. कमतरतेचाच शब्द दोषाचा झाला. विचार म्हणून मला ऑगस्टीन पटतो. पण भुकेने मेलेल्या मुलाच्या आईला 'ही फक्त उणीव' असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. तिथे 'वाईट झालं' हेच खरं.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात वडील, आई आणि बहीण गमावली. पुढे भाऊ, नवरा, आणि 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. 1922मध्ये त्या गेल्या. त्याआधी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणलं होतं. 1924मध्ये ते केडगावला छापून झालं. ईयोबाचा पहारेकरी, यशयाचा 'रा' आणि डोंगर चढणाऱ्या बापाचं ते उत्तर, तिन्ही त्यांच्या हातांखालून गेली.