पांढरी शी

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्यात बाळंतिणीच्या घरी गेलं की आम्हा नर्सबाईंच्या हातात वजनकाटा आणि थर्मामीटर. लंगोट धुवायची आजी, त्यामुळे शीचा रंग तिलाच ठाऊक. पांढरी झाली तर म्हणायची, "लेकराले दूध पचत नाही बाई." डोळे पिवळे दिसले की लेकरू कावीळ उतरवायला जायचं.

उतरवणाऱ्याचा हातखंडा ठरलेला. काटक्यांना दोऱ्याच्या गाठी मारलेली माळ घालायची. काटक्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात, माळ लांबते. लोक म्हणतात कावीळ उतरली. दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्याचा: हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याने पिवळा होतो. नवजात बाळांची कावीळ बहुधा दोन आठवड्यांत आपोआप जाते. श्रेय मात्र माळेला.

पित्तनलिका बुजलेलं लेकरू या गर्दीत लपतं. सुरुवातीला ते अंगावर पितं, हसतं, वजनही धरतं. खुणा दोनच: लघवीचा गडद पिवळा डाग आणि शीचा उडालेला रंग. पित्त आतड्यात उतरलंच नाही तर शीला रंग येणार कुठून? चरकाने कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, एका प्रकारात वाटलेल्या तिळासारख्या मळाची नोंद केली आहे, वाट अडलेल्या पित्ताशी जोडून. एवढं जुनं निरीक्षण आपल्या दारात असून आपण माळा ओवत बसलो, याचा मला रागच येतो.

अर्थात पूर्वी ओळखूनही फार काही हाती लागत नव्हतं. १८९१-९२च्या सुमारास एडिंबराच्या जॉन थॉमसन यांनी अशा बाळांच्या नोंदी एकत्र केल्या. बहुतेकांचा शेवट एकच. १९५५मध्ये जपानात सेंदाईला मोरिओ कासाई यांनी यकृताच्या मुखाशी बुजलेला भाग कापून तिथे थेट आतडं जोडलं आणि पित्त वाहू लागलं. इंग्रजीत हे सविस्तर पोहोचायला १९६८ उजाडलं. शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. पुढे यकृत आतून कडक होत जातं. शस्त्रक्रिया होऊनही अनेकांना नंतर यकृत बदलावं लागतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८मध्ये दिल्लीत झालं, तेही याच आजाराच्या बाळाचं.

तैवानने सोपा मार्ग काढला. २००४पासून देशभर आयांच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आई लंगोट आणि कार्ड शेजारी धरते. म्हणजे आजीचं काम, फक्त कागदावर.

आपल्याकडे घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची रीत शेजारच्या गडचिरोलीतच घडली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना ते शिकवलं, १९९९मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, आणि २०११मध्ये ते देशभरच्या आशाताईंचं काम झालं. त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. चौदाव्या दिवसानंतरही डोळे पिवळे असतील तर दवाखान्यात रक्तातलं 'डायरेक्ट बिलिरुबिन', म्हणजे पित्तातलं रंगद्रव्य, तपासायचं, मग सोनोग्राफी. बेचाळिसाव्या दिवशी जरी लंगोट उलगडून पाहिला, तरी तिरोडा, गोंदिया, नागपूर गाठायला त्या साठांतले अठरा दिवस उरतात.