पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत कौतुकाने क्वचितच वापरली जाते. आज या गावी तर उद्या त्या गावी ज्याचा मुक्काम, अशा माणसाविषयी बोलताना ती तोंडी येते. तिच्यात थोडी कीव आणि थोडा संशय मिसळलेला असतो. परंतु २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा याच पाठीवरच्या बिऱ्हाडाला एकाएकी प्रतिष्ठा लाभली. निजण्याची सोय, छोटेसे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेली मोटार घेऊन कुटुंबाने निघावे, समुद्रकाठच्या एखाद्या गावी नेमलेल्या तळावर ती उभी करावी, चार दिवस लाटांचा आवाज ऐकत राहावे आणि सुखरूप परत यावे, अशी ही कल्पना आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावांना ती कित्येक पिढ्यांपासून परिचयाची आहे. आपल्याला ती नवी आणि काहीशी परकी वाटते.

तिचे घटक मात्र परके नाहीत. सगळे घर बरोबर घेऊन निघणे आणि निरोगी हवेसाठी राहते घर सोडणे, या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाने फार काळ केलेल्या आहेत. त्या आनंदासाठी मात्र फारशा केल्या नाहीत. याचा पुरावा ज्या ठिकाणी चांगला पाहावयास मिळतो, ते ठिकाण समुद्रकाठी नाही. ते समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, बंगळूर शहराच्या मल्लेश्वरम् या उपनगरात आहे.

मल्लेश्वरम् हे नाव तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळावरून पडले. कन्नड भाषेत काडु म्हणजे रान. आज भोवती दाट वस्ती असली, तरी देवाच्या नावात ते जुने रान टिकून राहिले आहे. या रानातल्या देवाशी मराठी इतिहासाचे नाते १६६९ च्या एका शिलालेखाने जोडले आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला मेदारनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्या लेखात आहे.

हे भोसले घराणे येथे आले, ते तळ देत देतच. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्याबरोबर शहाजीराजांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. पण जहागीरदाराचे घर म्हणजे चार भिंती असे त्या काळी नव्हते. स्वारी निघाली की तंबू, राहुट्या, मुदपाकखाना, देवघर, घोडे आणि बाजारबुणगे असे एक गावच निघे. शहाजीराजांचा अंत झाला तोही अशाच एका मुक्कामी. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून ते निवर्तले आणि त्यांची समाधी तेथेच आहे. एकोजीराजेही बंगळुरास फार काळ स्थिरावले नाहीत. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर हस्तगत केले आणि बिऱ्हाड तिकडे हलविले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती गेले, आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे आले. बिऱ्हाड गेले, देवाला दिलेल्या गावाची नोंद मात्र दगडावर राहिली.

चालत्या लष्करी बिऱ्हाडाचे हे गाव किती भरभक्कम असे, याची प्रचिती याच मुलुखात पुढे एकदा आली. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसची इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणाहून उपाशीपोटी मागे फिरत असता तिला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. इंग्रजांना त्या फौजांपेक्षा त्यांच्याबरोबर आलेला बाजार अधिक मोलाचा वाटला, कारण धान्यापासून कापडापर्यंत सर्व काही त्यात होते. अशा सैन्यांच्या मागे धान्याच्या गोण्या लादलेले बैल घेऊन वंजारी-लमाणांचे तांडे चालत, आणि त्या तांड्यांत त्यांच्या बायका-मुलांसह अवघा संसार असे.

या सुबत्तेची दुसरी बाजू शिवाजीमहाराजांनी फार आधी ओळखली होती. त्यांच्या सैन्याने आठ महिने मुलुखगिरीवर राहावे, पावसाळ्यात छावणीस परत यावे आणि मोहिमेत बायका किंवा बटकी बरोबर नेऊ नयेत, असा नियम सभासदाने नोंदविला आहे. घर बरोबर असले की पाय जड होतात, हे त्यामागचे शहाणपण. पुढच्या शतकात हा नियम सुटला. १७६१ साली पानिपतावर सैन्याबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबे होती, आणि त्यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

मल्लेश्वरमच्या इतिहासाचा दुसरा थर दोन शतकांनंतरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी, येथे नव्या वस्तीची आखणी झाली. ती भरली मात्र भीतीने. १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात शिरलेला प्लेग १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात पोहोचला. तो आला रेल्वेने, हुबळीच्या बाजूने. पेठेतील अरुंद गल्ल्यांत माणसे पटापट मरू लागली आणि लोक घरांना कुलपे लावून मोकळ्या माळावर गेले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत त्याच वर्षांत हेच घडत होते. उंदीर पडू लागले की गाव ओस पडे आणि शेतांत झोपड्या उभ्या राहत. भांडीकुंडी, अंथरुणे, देव्हाऱ्यातले देव आणि गाय, एवढे घेऊन कुटुंब निघे. मोकळी हवा आणि प्रकाश यांचे मोल सामान्य माणसाला वैद्याच्या उपदेशाने जेवढे पटले नव्हते, तेवढे या एका रोगाने पटविले.

त्या धड्याची छाप मल्लेश्वरमच्या आखणीवर दिसते. सरळ आखलेले रस्ते, क्रमांकाने ओळखले जाणारे आडवे रस्ते, घरांच्या मागून गेलेल्या सफाईच्या बोळी आणि झाडांची नावे घेतलेले मार्ग. त्यांतील संपिगे म्हणजे आपला चाफा, आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने पुढे दादर-माटुंग्याकडे जे केले, त्याच जातीचे हे काम होते. रोगाला भिऊन पळालेल्या माणसांना परत जावेसे वाटू नये अशी जागा निर्माण करणे, हे त्या आखणीचे खरे यश होय.

येथपर्यंत बिऱ्हाड हलविणारे हात युद्धाचे आणि रोगाचे होते. त्याला विसाव्याचे रूप आपल्या देशात प्रथम आले ते राज्यकर्त्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरी. मुंबईच्या किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडच्या मैदानावर एकोणिसाव्या शतकात दर उन्हाळ्यात युरोपीय कुटुंबांचे तंबू आणि हंगामी बंगले उभे राहत. समुद्राचा वारा अंगावर घेत ते लोक तेथे राहत आणि पाऊस जवळ आला की सारे उतरवून ठेवीत. जिल्ह्यांतील महसूल अधिकारी हिवाळ्यात फिरतीवर निघत, तेव्हा बैलगाड्यांवर तंबू, पेट्या आणि कधी मुलेबाळेही असत. काम सरकारी, पण आंबराईतल्या त्या मुक्कामांची गोडी सहलीची.

याच परंपरेत एक भारतीय कुटुंब समुद्रकाठी गेले, त्याची आठवण कारवार अजून ठेवून आहे. सनदी सेवेत प्रवेश करणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ ठाकूर हे मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. १८८३ साली ते कारवारला असताना त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ घरच्या मंडळींसह तेथे राहावयास गेले. काळी नदीचे मुख, सुरूची झाडे आणि अर्धचंद्राकार किनारा यांनी त्या बावीस वर्षांच्या कवीला एक नाट्यकाव्य दिले. कारवारचा किनारा आज रवींद्रनाथांच्या नावाने ओळखला जातो. बदलीच्या गावी असलेल्या भावाकडे काही काळ जाऊन राहणे, हीच पुढे मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाची सुटी ठरली. कोकणातून मुंबईस गेलेला चाकरमानी तर सुटीत समुद्रकाठीच जाई, ट्रंक आणि वळकटी घेऊन आगबोटीने. पण तो त्याला प्रवास म्हणत नसे, घरी जाणे म्हणे.

युरोपात चालत्या घराची कथा निराळ्या वाटेने आली. कॅराव्हॅन हा शब्द मूळ फारसी ‘कारवान’. वाळवंटातल्या व्यापारी तांड्याचे ते नाव. पश्चिमेत तो चाकांवरच्या घराला लागला. असे घर घेऊन फिरत ते रोमा, ज्यांना लोक जिप्सी म्हणत आणि ज्यांची भाषा भारतीय कुळातील आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी वैद्याने हौसेखातर दोन घोड्यांनी ओढावयाचे एक सुबक चालते घर बांधवून घेतले आणि ते घेऊन दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीने घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर किनाऱ्यावरील गावे अशा घरांच्या रांगांनी भरून गेली.

ही गर्दी केवळ मोटारीमुळे झाली नाही. ती कायद्याने झाली. १८७१ च्या बँक सुट्ट्यांच्या कायद्याने इंग्लंडातील नोकरदारांना वर्षातले काही ठरावीक दिवस मोकळे दिले, आणि १९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेचा मार्ग कामगारांना खुला केला. समुद्र पूर्वीही होताच. मजुराला तो दिसला तो मजुरी न बुडता चार दिवस मिळाले तेव्हा.

१८७१ हे वर्ष आपल्या इतिहासातही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम उत्तरेत आणि पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही कित्येक भटक्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. ज्यांचे पूर्वज फौजांना धान्य पुरवीत, त्या तांड्यांतील लोकांपैकीही अनेकांवर हा शिक्का बसला. हजेरी, परवाने आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. एकाच साम्राज्याने एकाच वर्षी एका कायद्याने काहींना फिरण्याची फुरसत दिली, आणि दुसऱ्याने काहींचे फिरणे हाच अपराध ठरविला.

स्वतंत्र भारताने सुटीचा हक्क हळूहळू मान्य केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना सहकुटुंब स्वग्रामी जाण्यासाठी प्रवाससवलत सुरू केली. त्यामुळे जो वर्ग घराबाहेर पडू लागला, त्याची वस्ती म्हणजे मल्लेश्वरमसारखी उपनगरे. जेथे कधीकाळी माणसे हवेसाठी पळून आली, तेथूनच त्यांची नातवंडे-पतवंडे सुटीत कारवार-गोकर्णाच्या वाळूवर जाऊ लागली. पळणे आणि सुटीवर जाणे यांत सामान एकच असते: पेटी, अंथरूण, शिधा आणि मुले. फरक एवढाच, की सुटीवर गेलेल्याचे घर त्याची वाट पाहत असते आणि त्याचा पगार चालू असतो.

तो फरक अजून सर्वांच्या वाट्याला आलेला नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बैलगाडीत पीठ, भांडी, शेळी आणि लहान मूल असते. आणि साखर कारखान्याच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. हेही पाठीवरचे बिऱ्हाडच. पर्यटकांच्या मोटारींसाठी जो तळ असावा म्हणून शासनाच्या धोरणात सांगितले आहे, त्याची लक्षणे पाणी, वीज, शौचालय आणि सुरक्षितता अशी आहेत. ती अगदी योग्य आहेत. प्लेगच्या दिवसांत मल्लेश्वरमची वस्ती वाढली ती याच गोष्टींच्या शोधात. मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला काय लागते, हे आता सरकारी कागदावर स्पष्ट लिहिले गेले आहे. समुद्रकाठच्या तळासाठी तयार केलेली ती यादी उसाच्या फडाजवळच्या तळालाही जशीच्या तशी लागू पडते. तिच्यात एका शब्दाचाही फेरफार करावा लागणार नाही.