पानाफुलांची वरात

रविवारी पहाटे उठून, वर पैसे भरून, पंचवीस अनोळखी माणसांबरोबर झाडे बघायला जायचे, ही कल्पना आमच्या घरात माझी नव्हे. झाड बघायला पैसे कशाला? ते काय तिकीट लावून उभे असते? पण हिने दोघांची नावे परस्पर देऊन टाकली होती, आणि निवृत्त माणसाला 'मला वेळ नाही' हे एकच वाक्य तेवढे उच्चारता येत नाही.

मार्च महिना होता. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी मंडळी जमली. माहिती सांगणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. तिला 'मॅडम' म्हणावे की 'बाळ' म्हणावे, या पेचात आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक पहिली दहा मिनिटे नुसतेच खाकरत होतो. तेवढ्यात मी मंडळींची पाहणी करून घेतली. एक गृहस्थ प्रत्येक झाडाखाली "याचा औषधी उपयोग काय?" असे विचारत होते. एकांच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा होता आणि तो बघूनच पक्षी उडून जात होते. एक बाई "आमच्याकडे याला वेगळंच म्हणतात" एवढे सांगून थांबत. काय म्हणतात ते त्यांना आठवत नसे. आणि एकजण, म्हणजे मी, पोहे कुठल्या झाडाखाली आहेत याचा अंदाज घेत होतो.

ही मंडळी आजकालची असतील असे मला वाटले होते. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले, ती निदान चारशे वर्षे अशीच हिंडताहेत.

औषधी उपयोगवाल्या गृहस्थांची तर मी मनातल्या मनात क्षमाच मागितली. कारण हा सगळा उद्योग सुरू झाला तोच मुळी त्यांच्या प्रश्नापायी. लंडनच्या औषध विकणाऱ्यांची संस्था १६१७ साली स्थापन झाली. हाताखालच्या पोरांना काढ्यात घालायची मुळी आणि विषारी मुळी यांतला फरक कळावा म्हणून ही मंडळी त्यांना घेऊन गावाबाहेर रानात जाऊ लागली. (न कळल्यास गिऱ्हाईक पुन्हा येत नसे.) वर्षातून एकदा मोठी सहल आणि शेवटी जंगी जेवण. म्हणजे पोह्यांची परंपराही जुनीच.

त्यांच्यातल्या टॉमस जॉन्सनने १६२९ साली मित्रांना घेऊन केंट परगण्यात अशीच सहल काढली आणि तिचे वर्णन लॅटिनमध्ये छापले. क्वीनबरो नावाच्या गावात ही मंडळी पोचली, तर तिथल्या महापौरांनी त्यांना बोलावून घेतले. दहाएक धडधाकट माणसे कामधंदा सोडून वाटेवरचे गवत निरखत हिंडतात, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार! जॉन्सनने खुलासा केला, महापौरांचे समाधान झाले आणि बिअर मागवण्यात आली. आमच्या टेकडीवरही एका फिरायला आलेल्या काकांनी "काय हरवलंय का?" असे विचारलेच. बिअर मात्र मागवली नाही.

पॅरिसला बेर्नार द ज्युसिए असाच पोरांना घेऊन हिंडे. त्याची परीक्षा घ्यायला पोरे एका झाडाचे पान, दुसऱ्याचे फूल असे जोडून नवीनच झाड बनवून पुढे करीत, आणि तो शांतपणे कुठला तुकडा कशाचा ते सांगे, असा किस्सा सांगतात. शिकवण्याच्या धंद्यातल्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही.

पण या प्रकाराला खरी शोभा आणली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसने. झाडाला नाव आणि आडनाव अशी दोन नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तोच. १७४१ साली तो उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि त्याने गावाभोवती आठ वाटा ठरवून टाकल्या. सकाळी निघायचे ते संध्याकाळी परतायचे. बरोबर दीडशे-दोनशे माणसे, कधी त्याहूनही जास्त. सगळ्यांनी सैलसर हलके कपडे घालायचे. एकाने टिपणे घ्यायची, एकाने शिस्त बघायची, एकाने पक्षी मारायचे. ठरावीक वेळाने थांबून सर सापडलेल्या गोष्टींवर बोलत. दुपारी जेवण. ज्यांनी दुर्मीळ वनस्पती शोधल्या असतील त्यांना सरांच्या पंक्तीला बसायचा मान, उरलेल्यांनी उभ्याने खायचे. म्हणजे बुफे पद्धतही वनस्पतीशास्त्राचीच देणगी म्हणायची! आणि संध्याकाळी टोप्यांत फुले खोचून, निशाणे, तुताऱ्या आणि नगारे वाजवत ही सगळी वरात गावात शिरे. वनस्पतीउद्यानापाशी 'लिनियस चिरायू होवो' असा गजर होई आणि मग मंडळी पांगत.

हे बघून वरिष्ठांच्या पोटात दुखले नसते तरच नवल. १७४८ च्या सुमारास 'शिक्षणात हा तमाशा कशाला' अशी कुरकूर झाली. अभ्यास करताना माणूस आनंदात दिसला की वरिष्ठांना संशय येतो. हे फक्त उप्सालाला होते असे नाही. मीही चौतीस वर्षे नोकरी केली आहे.

या स्वीडिश माणसाचा आपल्याशी काय संबंध, असे मला वाटत होते. पण टेकडीकडे जाताना एका बंगल्याबाहेरच्या बकुळीखाली त्या मुलीने आम्हाला थांबवले होते. (तोपर्यंत आमच्या हिने ओंजळभर फुले वेचलीही होती.) बकुळीचे लिनियसने ठेवलेले नाव मिम्युसॉप्स एलेंगी. त्यातले 'एलेंगी' हे मल्याळी नाव त्याने उचलले ते 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथातून. हा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हीडने केरळच्या वैद्यांच्या मदतीने तयार केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचे १६७५ सालचे कोंकणी प्रशस्तिपत्र चक्क देवनागरीत छापलेले आहे. बकुळीचे आडनाव शेजारच्या केरळातले निघाले म्हणून मला उगीचच बरे वाटले.

टेकडीवर पिवळीधमक गणेर बघितली, निष्पर्ण सालई बघितली. उतरताना ती मुलगी एका उंच झाडाखाली थांबली. खाली पापडीसारख्या पातळ चकत्यांचा सडा पडला होता. "हा वावळ," ती म्हणाली. "यातली बी सोलून खाऊन बघा." मी खाल्ली, आणि एकदम साठ वर्षांपूर्वीच्या शाळेच्या मागे जाऊन उभा राहिलो. चड्डीच्या दोन्ही खिशांत याच चकत्या भरून आम्ही वर्गात बसत असू. नाव तेव्हाही माहीत नव्हते.

आणि मग माझ्या पोटात गोळा आला. कारण हेच झाड आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभे आहे. दर उन्हाळ्यात त्याच्या चकत्या आमच्या गाड्यांवर पडतात. ते तोडावे म्हणून पालिकेकडे अर्ज करायचा ठराव आदल्याच आठवड्यात झाला होता. १९७५ च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. अक्षर चांगले म्हणून अर्ज मीच लिहिला होता. 'झाडाचे नाव' या रकान्यात 'जंगली' असे लिहून खाली पहिली सहीही माझीच.

घरी न जाता तसाच चिटणिसांकडे गेलो. अर्ज अजून टेबलावरच होता. मी विरोध करतो म्हणालो असतो तर पुन्हा सभा, पुन्हा चहा, पुन्हा ठराव. म्हणून म्हटले, "नावाच्या रकान्यात चूक झाली आहे. दुरुस्त करून देतो."

"द्या हो सावकाश," ते म्हणाले.

परवा जिन्यात पुन्हा भेटले. "काय, सापडलं का नाव?"

"अजून खात्री करतोय," मी म्हणालो आणि गाडीवरच्या चकत्या झटकायला खाली गेलो.