अडतंय कुठे? जुना गेमिंग कॉम्प्युटर आणि जागा बदलणारं एक उत्तर

आजच्या भागाचा विषय अगदी दुकानाच्या काउंटरवरचा आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला गेमिंग कॉम्प्युटर नव्या गेममध्ये अडखळायला लागलाय. हातात पैसे आहेत ते एकाच भागापुरते. मग काय बदलायचं? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम की हार्ड डिस्क?

दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही जा, हा प्रश्न रोज विचारला जातो. आणि बरेचदा एकच उत्तर मिळतं: "कार्ड बदला." हे उत्तर आलं कुठून? ते कधी खरं होतं, आणि कधी नव्हतं? आपल्याकडे असा खर्च घरात चार-पाच वर्षांतून एकदा होतो. तो चुकीच्या भागावर गेला तर पुन्हा लगेच करता येत नाही. म्हणून हा इतिहास जरा नीट पाहू.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. लग्नाची पंगत बसली आहे. आचारी झपाझप पुऱ्या तळतोय, पण वाढपी एकच आहे. आणखी एक आचारी आणला तर पंगत लवकर उठेल का? नाही. उलट दहा वाढपी आहेत आणि कढई एकच असेल, तर वाढपी रिकामी ताटं बघत उभे राहतील. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर हा आचारी. गेममध्ये कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली, पुढच्या चित्रात काय काय दिसायला हवं, हे तो तयार करतो. ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवून पडद्यावर वाढतं. दोघं एकाच वेळी काम करतात, आणि वेग ठरतो तो जो हळू आहे त्याच्यावर.

आकड्यांत सांगतो. समजा एका फ्रेमसाठी प्रोसेसरला ३० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ३३. म्हणजे सेकंदाला साधारण ३० फ्रेम. आता तुम्ही दुपटीहून वेगवान कार्ड घेतलं, ते १५ मिलिसेकंदांत काम उरकतं. फ्रेम किती मिळतील? साठ नाही, ३३. कारण प्रोसेसरचे ३० मिलिसेकंद तसेच आहेत. पैसे पूर्ण कार्डाचे गेले, आणि फायदा तीन फ्रेमचा.

आता इतिहासाकडे वळू. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. आत पाच मोकळे स्लॉट होते, आणि ८०८८ प्रोसेसरच्या शेजारी ८०८७ या गणिती चिपसाठी एक रिकामा सॉकेट होता. आयबीएमने यंत्राची तांत्रिक माहितीही छापून दिली होती. कॉम्प्युटर घेतल्यानंतर त्याचा एखादाच भाग बदलता येतो, ही सवय या यंत्रामुळे घराघरांत पोचली. काय बदलायचं हा प्रश्नही तिथूनच सुरू झाला.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा गेम आला. त्यातला प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः काढत असे. कार्डाचं काम फक्त तयार चित्र पडद्यावर नेण्याचं. ३८६ असलेले लोक एक बटण दाबून खेळाची खिडकी लहान करायचे. चित्र लहान झालं की ठिपके कमी, आणि प्रोसेसरचं ओझं हलकं. त्या काळात 'काय बदलू?' याचं बरोबर उत्तर होतं प्रोसेसर. आणि कार्ड जुन्या आयएसए स्लॉटमध्ये असेल, तर चित्र नेणारा हा रस्ताही अरुंद पडायचा. वेसा लोकल बस नावाचा रुंद रस्ता १९९२ मध्ये आला तो त्यासाठीच.

जून १९९६. 'क्वेक' आला आणि प्रोसेसर घेणाऱ्यांचं गणित बदललं. या गेमला दशांश अपूर्णांकांची गणितं भराभर करणारा प्रोसेसर हवा होता. मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी त्याचा चित्र काढणारा भाग असा बसवला होता, की दर सोळा ठिपक्यांमागे लागणारा भागाकार पेंटियमच्या आत इतर कामाबरोबरच चालू राही. सायरिक्सचा ६एक्स८६ प्रोसेसर ऑफिसच्या कामात पेंटियमशी टक्कर देत होता, पण क्वेकमध्ये मागे पडला. ज्यांनी स्वस्तात 'तितकाच वेगवान' म्हणून तो घेतला, त्यांना कळलं की वेग हा एक आकडा नसतो. कुठल्या कामाचा वेग, हे आधी विचारावं लागतं.

आणि त्याच वर्षी सगळं उलटलं. थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू ग्राफिक्स कार्ड आलं. ४ एमबी मेमरी, काम फक्त थ्रीडी चित्रं काढण्याचं. नेहमीचं साधं कार्ड कॉम्प्युटरमध्ये तसंच ठेवून बाहेरून केबल जोडायची. जानेवारी १९९७ मध्ये क्वेकची या कार्डांवर चालणारी आवृत्ती आली, आणि ठिपके काढायचं काम प्रोसेसरकडून कार्डाकडे गेलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणून त्रिकोण फिरवण्याचं आणि प्रकाश मोजण्याचं कामही कार्डाकडे नेलं. 'जीपीयू' हा शब्द त्यांनी इथूनच गाजवला. 'कार्ड बदला' या उत्तराचा जन्म इथला.

पण या उत्तराच्या आड एक दार होतं. १९९७ पासून कार्डं एजीपी स्लॉटमध्ये बसत होती. २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आलं, आणि नवी कार्डं हळूहळू फक्त त्याच स्लॉटसाठी निघू लागली. ज्यांचा मदरबोर्ड एजीपीचा, त्यांना कार्ड बदलायचं तर मदरबोर्डही बदलावा लागे, आणि बहुतेकदा प्रोसेसर आणि रॅमही. एका भागाचा खर्च करायला निघालेला माणूस अर्धा कॉम्प्युटर घेऊन परत यायचा.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. त्यातला कोअर आय५-२५००के हा चार कोअरचा प्रोसेसर अनेकांनी घेतला आणि वर्षानुवर्षं वापरला. त्याला कारण होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये आठ कोअर होते खरे, पण ते कमी वेगाचे, जॅग्वार जातीचे. मोठे गेम या कन्सोलना झेपतील असे बनत होते, त्यामुळे २०११ च्या प्रोसेसरला ते जड जात नव्हते. त्या काळात दर दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलायचं आणि बाकी काही नाही, हा सल्ला अगदी रास्त होता. आज दुकानात ऐकू येणारं उत्तर मुख्यतः त्या वर्षांचं आहे.

त्याच काळात मोजायची पद्धतही सुधारली. तोवर सेकंदाला सरासरी किती फ्रेम, एवढंच पाहिलं जाई. सप्टेंबर २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी एकेका फ्रेमला किती वेळ लागतो ते मांडायला सुरुवात केली. सरासरी ६० असली, तरी मध्येच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद घेत असेल तर डोळ्याला झटका बसतो. सरासरीत तो दिसत नाही. अडखळणं आणि हळू चालणं हे दोन वेगळे आजार आहेत, हे यातून स्पष्ट झालं.

मग २०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले, आणि सहा-आठ कोअर सामान्य खिशाला परवडू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये नवे कन्सोल आले, तेही आठ चांगल्या कोअरचे आणि आत वेगवान एसएसडी असलेले. गेम पुन्हा त्या मापाने बनू लागले. सप्टेंबर २०२३ मधल्या 'स्टारफील्ड'ने किमान गरजांतच एसएसडी लिहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला, तेव्हा ८ जीबी मेमरीच्या कार्डांना ती मेमरीच अपुरी पडली. म्हणजे अडण्याची जागा पुन्हा हलली. कधी प्रोसेसर, कधी डिस्क, कधी कार्डाचा वेग पुरेसा पण मेमरी तोकडी.

दारं कोण उघडी ठेवतं, तेही पाहा. २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटचे होते, तरी आधीच्या मदरबोर्डांवर चालत नव्हते. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटचा २०१७ मधला मदरबोर्ड असलेल्या बऱ्याच लोकांना बायोस अपडेट करून एप्रिल २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांनी, त्याच बोर्डावर, त्याच रॅमसह. अशा माणसासाठी प्रोसेसर बदलणं हा एका भागाचा खर्च आहे. शेजारच्या घरी तोच खर्च तीन भागांचा होऊ शकतो.

मग आज काय करायचं? मोजायचं, आणि मोजायला काही खर्च नाही. जो गेम अडखळतो तोच लावा, रिझोल्यूशन एकदम कमी करा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडत होतं. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर. गंमत बघा, डूमच्या काळातलीच ही युक्ती आहे, पण अर्थ उलटा झालाय. तेव्हा ठिपके प्रोसेसर काढत होता, आता कार्ड काढतं. फ्रेम एरवी ठीक आहेत, पण नव्या भागात शिरताना झटका बसतो, तर रॅम भरली आहे का, कार्डाची मेमरी भरली आहे का, आणि गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर आहे का, ते पाहा. एसएसडी तर पुढच्या कॉम्प्युटरमध्येही नेता येते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नव्या कार्डाला किती वॅट लागतात आणि तुमचा जुना एसएमपीएस ते देऊ शकतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. मोठ्या खर्चानंतर कॉम्प्युटर खेळाच्या मध्येच बंद पडायला लागला, तर अनेकदा कारण तिथे असतं.

या चाळीसेक वर्षांत प्रत्येक सल्ला आपापल्या काळात खरा होता. १९९३ चा 'प्रोसेसर बदला' खरा होता, २०१४ चा 'कार्ड बदला'ही खरा होता. नुकसान झालं ते गेल्या काळाचा सल्ला या काळात वापरणाऱ्यांचं. म्हणून दुकानात जाल तेव्हा 'काय बदलू?' असं विचारू नका. आपलं यंत्र कुठे अडतंय ते घरूनच पाहून जा, आणि तेवढाच भाग मागा. मापून घेतलेला आकडा हातात असेल, तर दुकानदारही तुमच्याशी वेगळं बोलतो.