मिठाची झिलई आणि कर्जतचा माठ

लोणच्याच्या बरणीला उर्दूत ‘मर्तबान’ म्हणतात. हा शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आला. इब्न बतूताने १४व्या शतकात आपल्या प्रवासवर्णनात मर्तबानांची नोंद केली आहे. समुद्रप्रवासासाठी खारवलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबे त्यांत भरलेले होते. साधे मडके पाझरते, झिलईचे भांडे मीठ आणि आंबट दोन्ही सांभाळते. म्हणून आपल्याही घरांत पाण्याला माठ आणि लोणच्याला बरणी अशी वाटणी झाली.

मीठ भांड्यात भरण्याऐवजी थेट भट्टीत टाकण्याची रीत जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातल्या कुंभारांनी मध्ययुगाच्या अखेरीस रुळवली. भट्टी सुमारे १२५० अंशांवर गेली की मीठ टाकतात. त्याची वाफ होते, तिच्यातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर काच चढते. तिचा पोत संत्र्याच्या सालीसारखा असतो. पुढे १९व्या शतकात इंग्लंडमध्ये हीच झिलई सांडपाण्याच्या नळांवर चढली.

आपल्याकडे सोडियमची ओळख नव्हती असे नाही. सिंधचे काशीगर क्षारयुक्त वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून झिलई बनवत. ‘काशी’ हा शब्द इराणच्या काशान शहराचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले, तेव्हा सिंधच्या या झिलईकामाचा आधार घेतला. त्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षीही उतरली.

मग कर्जत-खालापूरच्या कुंभाराने झिलई का केली नाही? पेण-उरणची मिठागरे तर जवळच. याचे उत्तर अज्ञान नाही. पेंढा, गोवऱ्या, लाकूड यांवर पेटणारा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. त्याहून फार वर गेले तर आपली तांबडी माती बसते, वाकते. शिवाय माठ पाझरला नाही तर पाणी थंड कसे होणार? झिलई केली की माठाचा जीवच गेला.

आज स्टुडिओतले कुंभार निवासी कार्यशाळांत जाऊन मिठाची भट्टी शिकतात. सळीने मातीची कडी बाहेर काढून झिलई किती चढली ते पाहायचे, पुन्हा मीठ टाकायचे. ज्वाला जिथून गेली तिथले भांडे वेगळे निघते. भट्टीच्या विटांवरही काच चढते. आम्लाचा धूर निघतो म्हणून १९७०च्या दशकापासून काहींनी मिठाऐवजी सोडा वापरायला सुरुवात केली. हे शिकणे चांगलेच आहे.

पण एका हाताला ‘कलाकार’ म्हणायचे आणि दुसऱ्याला नुसता ‘कुंभार’, ही उतरंड इतिहासाला धरून नाही. ऱ्हाइनचा कुंभार, सिंधचा काशीगर आणि कोकणातला कुंभार, तिघेही आपापली माती, सरपण आणि गिऱ्हाईक ओळखून काम करत होते. आपल्याच तालुक्यात अशी कार्यशाळा भरली, तर आवा लावणाऱ्याला तिथे शिकवायला बोलवावे, आणि मानधनही द्यावे. नाहीतर ते ज्ञान त्याच्याबरोबरच संपेल, आणि ते परत शिकवणारी कार्यशाळा कुठेच नसेल.