कोलकाता : भुयारी रेल्वेच्या वाटेवरील जुनी चर्च आणि ऐतिहासिक वास्तू

देशातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात एस्प्लेनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरच्या टप्प्यावर धावली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या या मार्गाने मैदान परिसरातील वास्तू प्रवाशांच्या जवळ आणल्या. मात्र शहराचा सर्वांत जुना भाग, म्हणजे लाल दिघीचा चौक आणि त्यामागील बाजारपेठ, या मार्गापासून काहीसा दूरच राहिला होता. मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीच्या तळाखालून हावडा मैदान ते एस्प्लेनेड हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि ही उणीव भरून निघाली.

मुंबई-हावडा मेल अथवा गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरणाऱ्या प्रवाशाला आता स्थानकाबाहेरील टॅक्सीच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही. हावडा मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथून निघालेली गाडी नदीखालचे ५२० मीटरचे अंतर पाऊण मिनिटात पार करते आणि पुढच्याच महाकरण स्थानकात थांबते. महाकरण म्हणजे रायटर्स बिल्डिंग, राज्य शासनाचे जुने सचिवालय.

या स्थानकातून वर येताच लाल दिघीचा तलाव दिसतो. रायटर्स बिल्डिंगच्या शेजारी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पंथीयांचे सेंट अँड्र्यूज चर्च आहे. ते १८१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या उंच शिखराला तत्कालीन अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली होती व तिला उत्तर म्हणून शिखराच्या टोकावर कोंबडा बसवण्यात आला, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या पश्चिमेला १८६८ मधील मुख्य टपाल कार्यालय असून कंपनीचा जुना फोर्ट विल्यम किल्ला याच जागी होता.

चौकाच्या नैर्ऋत्येला, पायी काही मिनिटांच्या अंतरावर, सेंट जॉन्स चर्च आहे. वेळ थोडा असेल, तर एवढी एकच वास्तू पाहावी, असे म्हणता येईल. शोभाबाजारचे महाराजा नवकृष्ण देव यांनी दिलेल्या जमिनीवर १७८४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १७८७ मध्ये ते पूर्ण झाले. बंगालची मध्ययुगीन राजधानी गौड हिच्या भग्नावशेषांतील दगड येथे वापरण्यात आल्याने लोक या चर्चला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणत. आत योहान झोफनी यांचे ‘शेवटचे भोजन’ हे चित्र असून त्यातील शिष्यांना तेव्हाच्या कलकत्त्यातील परिचित व्यक्तींचे चेहरे देण्यात आले होते. आवारात १६९३ मध्ये निधन पावलेल्या जॉब चार्नॉकची समाधी आहे. समाधीवरील शिळेच्या खडकाला भूशास्त्रज्ञांनी पुढे ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. चार्नॉक हा शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. खडकाचे नाव मात्र कायम आहे.

चौकाच्या पूर्वेस १७७० मधील ओल्ड मिशन चर्च आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांनी फेब्रुवारी १८४३ मध्ये येथेच ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

उत्तरेला ब्रेबोर्न रोडने चालत गेल्यास मुर्गीहाट्याचे पोर्तुगीज चर्च (१७९९) लागते आणि जवळच्या गल्लीत १७२४ मध्ये बांधलेले आर्मेनियन चर्च. शहरातील हे सर्वांत जुने चर्च होय. दुकानांच्या दाटीत त्याचे प्रवेशद्वार सहज नजरेतून सुटते. येथील नाताळ ६ जानेवारीला साजरा होतो. या परिसरात ज्यू समाजाची मॅगेन डेव्हिड आणि बेथ एल ही दोन प्रार्थनास्थळेही आहेत.

नव्या मार्गाचे भुयार याच जुन्या वस्तीखालून खणण्यात आले. ही दोन्ही ज्यू प्रार्थनास्थळे आणि लाल दिघीजवळील करन्सी बिल्डिंग या संरक्षित वास्तू असल्याने २०१७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची परवानगी घ्यावी लागली व खोदकामाच्या वेळी आसपासच्या जीर्ण इमारतींतील रहिवाशांना तात्पुरते हलवण्यात आले. येथे काम निर्विघ्न पार पडले.

बहूबाजारात तसे घडले नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी खोदयंत्र भूगर्भातील पाण्याच्या थराला भिडले. भुयारात पाणी शिरून वरची जमीन खचली, सोनारांच्या या जुन्या वस्तीतील अनेक घरे कोसळली आणि शेकडो लोकांना घर सोडावे लागले. २०२२ मध्ये पुन्हा दोनदा घरांना तडे गेले. त्यामुळे एस्प्लेनेड ते सियालदह हा जेमतेम अडीच किलोमीटरचा दुवा २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू होऊ शकला. पहिल्या मार्गाच्या वेळीही १९८०च्या दशकात एस्प्लेनेडजवळील टिपू सुलतान मशिदीच्या पायाला हानी पोहोचली होती व तिची दुरुस्ती करावी लागली होती. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर वसलेल्या शहरात भुयार खणताना वरच्या दोन-अडीचशे वर्षांच्या भिंतींचा विचार आधी करावा लागतो, तो यासाठीच.

एस्प्लेनेडला गाडी बदलून दक्षिणेकडे गेल्यास पार्क स्ट्रीट स्थानकाजवळ भारतीय संग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी आहे. मैदान अथवा रवींद्र सदन स्थानकावरून सेंट पॉल्स कॅथीड्रलला पायी जाता येते. १८४७ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचे निमुळते शिखर १८९७ च्या भूकंपात व पुन्हा १९३४ च्या भूकंपात ढासळले. त्यानंतर कँटरबरीच्या धर्तीवर आजचा चौकोनी मनोरा उभारण्यात आला. पश्चिमेकडील रंगीत काचेची खिडकी एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या आराखड्यानुसार बनवलेली आहे. तिचे रंग पाहण्यासाठी दुपारनंतर जावे. व्हिक्टोरिया मेमोरियल तेथून जवळच आहे.

रविवारी कचेऱ्या बंद असल्याने लाल दिघी परिसर निवांत असतो, परंतु त्या दिवशी गाड्या कमी धावतात आणि चर्चमध्ये उपासना सुरू असते, हे ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक स्थानक सांगण्याजोगे आहे. एस्प्लेनेडहून उत्तरेला श्यामबाजार येथे उतरावे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली १७४२ मध्ये बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्यास घेतला. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे आलेच नाहीत आणि काम थांबले. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातून दक्षिणेला जाणारा आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग तो हाच. खंदकाचे चिन्ह आता उरलेले नाही, मात्र जवळच बागबाजारात एका अरुंद गल्लीचे नाव अजूनही ‘मराठा डिच लेन’ असेच आहे.